दोष दाबणाऱ्या बोटाचा नाही

संगणकात किंवा मोबाइलमध्ये मालकाच्या नकळत शिरून नुकसान करण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला मालवेअर म्हणतात. तो स्वतःच्या प्रती काढतो, माहिती चोरतो, फायली कुलूपबंद करतो किंवा पुसून टाकतो, नाहीतर यंत्राचा ताबा दूर बसलेल्या माणसाच्या हाती देतो. असा प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रात सोडणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ ने भरपाईस जबाबदार धरले आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हेगार कोण, याबद्दल कायद्याला शंका नाही. लोकांच्या बोलण्यात मात्र ती हमखास असते. बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव असो, चिखली असो की मेहकर, कोणाच्या खात्यातून पैसे गेल्याचे कळले की पहिला प्रश्न चोराबद्दल नसतो. ज्याचे गेले त्यालाच विचारले जाते, ‘लिंक दाबलीच कशाला?’

या प्रश्नामागे पक्की समजूत आहे. मालवेअर हे मोठ्या शहरांचे आणि बड्या कंपन्यांचे दुखणे. आपल्याकडे त्यात सापडतो तो अडाणी किंवा हावरट. अँटिव्हायरस टाकला किंवा फॉरमॅट मारला की विषय मिटतो. आणि नुकसान झालेच तर त्या एका माणसाचे. ही चारही विधाने चुकीची आहेत. मालवेअरचे प्रमुख प्रकार एकेक करून तपासले की त्यांतले एकही टिकत नाही. उलट स्पष्ट होते ते हे, की ज्या संस्था लोकांची कागदपत्रे, ठेवी आणि बोटांचे ठसे हाताळतात त्यांची जबाबदारी या समजुतीच्या आड लपून राहिली आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित प्रकार व्हायरस. तो एकट्याने चालत नाही. दुसऱ्या फायलीला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतो आणि ती फाइल उघडली की जागा होतो. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीतून पसरला. १९९० च्या दशकात अशाच व्हायरसांवर उतारा शोधत मूळच्या सातारा जिल्ह्यातील कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली. फ्लॉपी गेली, पेन ड्राइव्ह आला, पण पसरण्याची वाट तीच राहिली.

ही वाट तालुक्याच्या कोणत्याही सेवा केंद्रावर पाहता येते. पीक विम्याची मुदत संपत आली की तिथे सकाळपासून रांग लागते. कोणी सातबाराची पीडीएफ पेन ड्राइव्हमध्ये आणतो, कोणी फोटो स्टुडिओतून पासपोर्ट फोटो. त्यांतल्या एका पेन ड्राइव्हमध्ये ‘शॉर्टकट व्हायरस’ असतो. पडद्यावर फोल्डर नेहमीसारखेच दिसते; फरक एवढाच की त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि आकार जेमतेम एक-दोन केबी दाखवतो. खरे फोल्डर लपवलेले असते. बाणवाल्या चिन्हावर दोनदा क्लिक केले की आधी लपलेला प्रोग्राम चालतो आणि लगेच खरे फोल्डर उघडते. काम झाले म्हणून कोणालाच शंका येत नाही. त्यानंतर त्या संगणकाला जो जो पेन ड्राइव्ह लागेल तो बाधित होतो आणि ग्रामपंचायतीत, शाळेत, पुन्हा त्याच स्टुडिओत जातो. केंद्रचालक दुकानातून माणूस बोलावतो, तो फॉरमॅट मारून देतो आणि संध्याकाळी तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावला जातो. फॉरमॅटने यंत्र साफ झाले, साखळी जशीच्या तशी राहिली. या साखळीत कोणीही लिंक दाबलेली नसते. प्रत्येकाने फक्त आपलेच फोल्डर उघडलेले असते.

दुसरा प्रकार वर्म. त्याला कोणी काही उघडण्याचीही गरज लागत नाही. जाळ्यात जोडलेल्या यंत्रांतली त्रुटी शोधून तो आपला आपण पसरतो. २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मने इंटरनेटच्या बाल्यावस्थेतच हे दाखवून दिले होते. १२ मे २०१७ रोजी सुटलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. ‘आमच्याकडे काय आहे न्यायला?’ या प्रश्नाचे उत्तर वर्मच्या कार्यपद्धतीतच आहे. तो मालकाची ऐपत पाहत नाही. इंटरनेटवरचे पत्ते यादृच्छिक आकड्यांनी धुंडाळतो आणि जिथे त्रुटी सापडेल तिथे शिरतो. त्याच्या लेखी लंडनचे इस्पितळ आणि सिंदखेडराजाचे कार्यालय यांत कसलाही फरक नसतो.

वॉनाक्रायने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिली होती. ती ज्यांनी बसवली नाही त्यांचे नुकसान झाले. पण कार्यालयात ती बसवायची कोणी? टेबलावरच्या कारकुनाला सहसा तो अधिकारही नसतो आणि पासवर्डही. विंडोज ७ ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतरही अशी यंत्रे जिथे चालू आहेत तिथे दारे उघडी आहेत, आणि ती बंद करण्याचा निर्णय खरेदीच्या फायलीवर सही करणाऱ्याच्या हातात आहे. जुने यंत्र देऊन वर सावधगिरीचा उपदेश करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

तिसरा प्रकार ट्रोजन. सध्या ग्रामीण महाराष्ट्राला सर्वाधिक छळतो तो हाच, आणि ‘अडाणी फसतो’ हा आरोपही याच्याच संदर्भात होतो, म्हणून त्याच्याकडे जवळून पाहिले पाहिजे. ट्रोजन उपयोगी वस्तूच्या वेशात येतो. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान योजना’, ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते. नावाच्या शेवटी पीडीएफ नसते, ‘एपीके’ ही अक्षरे असतात. म्हणजे ती पत्रिका नसून अँड्रॉइड फोनवर चढणारे ॲप असते. तिच्यावर बोट ठेवले की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू द्यायचे का? परवानगी दिली की सरकारी बोधचिन्ह असलेला पडदा उघडतो, आधार क्रमांक आणि खात्याचा तपशील मागतो. त्याच दरम्यान एसएमएस वाचण्याची परवानगी घेतली जाते. पुढे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते, पण ॲप आतच राहते. बँकेचा ओटीपी आला की तो मालकाच्या डोळ्यांआधी चोराच्या सर्व्हरवर पोहोचतो. कोणाला ओटीपी सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. शेवटी तीच फाइल मालकाच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपांवर जाते.

ही शेवटची पायरी फार महत्त्वाची आहे. ‘अनोळखी माणसाने पाठवलेले उघडू नका’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. ही फाइल मात्र गावच्या ग्रुपवर सरपंचांच्या, मास्तरांच्या किंवा चुलतभावाच्या क्रमांकावरून येते. पाठवणारा ओळखीचाच असतो, फक्त त्याच्या फोनवर त्याचा ताबा राहिलेला नसतो. जो धोका ओळखीच्या वाटेने येतो त्याला अनोळखी माणसाची भीती दाखवून अडवता येत नाही.

फसणारे अडाणी असतात या म्हणण्याला वस्तुस्थितीचा आधार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात व्हॉट्सॲपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या फायलीमुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमावले ते एका सरकारी कर्मचाऱ्याने. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषयाचा ईमेल जगभर पसरला, तेव्हा त्याला जोडलेली फाइल प्रेमपत्राच्या साध्या मजकुरासारखी दिसत होती, कारण विंडोज तिच्या नावातली शेवटची, खरी ओळख सांगणारी अक्षरे लपवत असे. त्या फायलीने ब्रिटनच्या संसदेची आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ईमेल यंत्रणा बंद करायला लावली. तिथे कोणी निरक्षर बसलेले नव्हते. पत्रिकेच्या नावाखालची एपीके ही पंचवीस वर्षांपूर्वीचीच युक्ती आहे. माणूस नाव वाचतो आणि यंत्र शेपूट वाचते, या फटीवर ती उभी आहे.

राहिला लोभाचा आरोप. पीएम किसानच्या वर्षाला सहा हजार रुपयांसाठी ई-केवायसी सक्तीची. पीक पेऱ्याच्या नोंदीसाठी ई-पीक पाहणीचे ॲप. योजनांच्या लाभासाठी फार्मर आयडी. हमीभावाने भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. लाडक्या बहिणींना पुन्हा ई-केवायसी. प्रत्येकाची मुदत ठरलेली, चुकली तर हप्ता अडकणार. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोयाबीन आणि कपाशीच्या शेतकऱ्याला गेल्या काही वर्षांत शासनाने स्वतःच शिकवले आहे की सरकारचे काम फोनवर येते आणि ते वेळेत न केल्यास पैसे बुडतात. ट्रोजन लिहिणाऱ्याने हीच सवय हेरली. जो माणूस ‘ई-केवायसी अपूर्ण, हप्ता थांबेल’ हे वाचून बोट ठेवतो त्याच्या मनात हाव नसते, मुदत हुकण्याची धास्ती असते. बोगस बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याला ‘पेरलेस कशाला?’ असे कोणी विचारत नाही. विक्रेत्यावर आणि कंपनीवर कारवाईची मागणी होते. बोगस ॲपच्या बाबतीतच न्याय उलटा का असावा?

चौथा प्रकार स्पायवेअर. त्यात कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपणारा कीलॉगर येतो आणि दुरून सगळे यंत्र चालवू देणारा रिमोट ॲक्सेस ट्रोजनही येतो. हा प्रकार गाजावाजा करत नाही. जितका शांत, तितका यशस्वी. ‘नुकसान त्या एका माणसाचे’ हे विधान इथे खोटे ठरते. सेवा केंद्राच्या एकाच संगणकावरून दिवसभरात आधार कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मोबाइल क्रमांक अशी शेकडो माणसांची पूर्ण ओळख सरकते. तिथे कीलॉगर बसला तर चोरी एका माणसाची होत नाही, पंचक्रोशीची होते. शहरात प्रत्येकाचे यंत्र वेगळे. खेड्यात एका यंत्रावर गाव अवलंबून असते. म्हणूनच छोट्या जागी तेच मालवेअर अधिक माणसांना बाधते. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख, आईचे नाव आणि बोटाचा ठसा बदलता येत नाही.

स्पायवेअरचे दुसरे रूप घरातच असते. नवऱ्याने, नातेवाइकाने किंवा दुरावलेल्या मित्राने हातात आलेल्या एखाद्या बाईच्या फोनवर गुपचूप ॲप टाकायचे आणि तिचे फोन, संदेश, ठावठिकाणा पाहत राहायचे. ती कोणत्या लिंकवर गेली, हा प्रश्न इथे हास्यास्पद ठरतो. तिसरे रूप याहून गंभीर. एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये ‘नेटवायर’ हा रिमोट ॲक्सेस ट्रोजन होता आणि त्याच्या मार्गे कागदपत्रे त्यात टाकली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. त्या वादाचा निवाडा न्यायालयाचा. पण ट्रोजन माहिती बाहेर नेऊ शकतो तसा आतही ठेवू शकतो, ही तांत्रिक बाब निर्विवाद आहे. तेव्हा पणाला लागतात माणसाचे स्वातंत्र्य आणि अब्रू.

पाचवा प्रकार रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर मालवेअर. तो फायली सांकेतिक लिपीत बदलून टाकतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये हेच झाले. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बाधित झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. जाळ्याचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते हे कारणही दिले. देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयात त्यानंतर कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. बुलढाण्याच्या अधिक जवळचे उदाहरण मार्च २०२१ चे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह राज्यातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. खामगावच्या किंवा मलकापूरजवळच्या दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकाची भूखंडाची फाइल याच महामंडळाकडे असते. त्याने कितीही सावधगिरी बाळगली तरी काय उपयोग झाला असता?

याच्या जवळचा प्रकार वायपर. तो खंडणीखोराचे सोंग घेतो, पण किल्ली कोणाकडेच नसते; माहिती कायमची जाते. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ने युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरकाव केला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा मोडून टाकली. तिच्या समूहाचे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही थांबले. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. इथे बळी पडलेल्यांनी काय केले होते? वेळेवर अपडेट केले होते. सुरक्षेचा जो नियम सगळ्यांना शिकवला जातो तो पाळूनच ते सापडले, कारण त्रुटी पुरवठादाराच्या घरात होती.

सहकारावर उभ्या असलेल्या बुलढाणा जिल्ह्याने दोन घटना विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली पुण्याच्या कॉसमॉस बँकेची. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरले. कार्डाचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे जो सर्व्हर ठरवतो, त्याच्या जागी चोरांचा बनावट सर्व्हर ‘होय’ म्हणू लागला. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला बँकांच्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, पण ते मुख्यतः एटीएमवर उभे राहिलेले हस्तक होते. त्या ९४ कोटींतल्या एका रुपयासाठीही कोणा ठेवीदाराने लिंक दाबलेली नव्हती. बँकेच्या म्हणण्यानुसार ठेवीदारांच्या खात्यांना धक्काही लागला नाही. लुटली गेली ती संस्था.

दुसरी घटना ३१ जुलै २०२४ ची. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला रॅन्समवेअरची बाधा झाली. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यातून वेगळे केले आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसह अनेक व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. छोटी बँक छोटी म्हणून सुरक्षित असते, हा समज त्या एका दिवसाने निकालात काढला. छोट्या बँका एकाच पुरवठादाराच्या छत्राखाली असतात, आणि एक छत्र कोसळले की शेकडो एकदम उघड्यावर येतात.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न आणखी खोल आहे, कारण इथला पैसा मोठ्या प्रमाणावर पतसंस्थांत आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन देशातल्या सर्वांत मोठ्या पतसंस्थांत गणली जाते. तिच्या मागोमाग लहान-मोठ्या पतसंस्था तालुक्या-तालुक्यांत आहेत. कॉसमॉसच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जारी केली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांच्या नाही. त्यामुळे पतसंस्थेच्या ठेवीदाराला संस्थेच्या स्वतःच्या दक्षतेखेरीज दुसरा फारसा आधार नाही. संचालक मंडळाने इमारतीच्या रंगरंगोटीइतका वेळ सर्व्हरच्या बॅकअपला दिला पाहिजे, आणि वार्षिक सभेत सभासदांनी लाभांशाबरोबर त्याचाही हिशेब मागितला पाहिजे.

सहावा प्रकार बॉटनेट, म्हणजे मालवेअरने ताब्यात घेतलेल्या हजारो यंत्रांची फौज. २०१६ च्या ‘मिराई’ने संगणक सोडून सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर पकडले, कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. दुकान, लॉज, मंगल कार्यालय, कुठेही आज कॅमेरा असतो, आणि बसवणारा ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड ठेवून निघून जातो. मालकाला काही जाणवत नाही, चित्र स्वच्छ दिसत राहते. यंत्र नीट चालते म्हणजे ते निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट शोधून काढणारी साधने फुकट मिळतात. ती वापरून पाहणे कॅमेरे आणि संगणक विकणाऱ्या दुकानदारांनी तरी सेवेचा भाग मानावे.

या सगळ्याचा अर्थ प्रत्येक गोष्टीचे खापर मालवेअरवर फोडावे असा नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालात १४ ट्रोजनांचा उल्लेख आला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. तिथे ठाम विधान करणे योग्य नव्हे. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ करणे ही निव्वळ थाप आहे, त्यात मालवेअर लागत नाही. वापरणाऱ्याच्या काळजीला किंमत नाही असेही नव्हे. प्ले स्टोअरबाहेरचे ॲप बसवू नये, फाइलच्या नावातली शेवटची अक्षरे वाचावीत, संदेश, नोटिफिकेशन किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागणाऱ्या ॲपला नकार द्यावा, अपडेट टाळू नये, महत्त्वाच्या कागदांची एक प्रत इंटरनेटपासून तोडलेल्या ठिकाणी ठेवावी. हे सगळे खरे आणि करण्यासारखे आहे. पण वरच्या प्रकारांपैकी कार्यालयांत पसरणारा वर्म, वायपर आणि संस्थांवरचे रॅन्समवेअर यांना सामान्य माणसाची काळजी थोपवूच शकत नाही, आणि ट्रोजनला ती फक्त काही वेळा थोपवते.

दोष बळीच्या माथी मारण्याचा सर्वांत मोठा तोटा व्यवहाराचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचाही दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिली तर त्याच्यावर तोशीस येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत दिली तर ती मर्यादित राहते. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी खबर दिल्यानंतरचे नुकसान बँकेचे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये हीच तत्त्वे सहकारी बँकांना लागू झाली. म्हणजे पैसे परत मिळणे न मिळणे तासांवर आणि दिवसांवर ठरते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. अशा वेळी ‘लिंक दाबलीच कशाला’ हा प्रश्न ऐकावा लागेल म्हणून माणूस गप्प बसतो. मुलापासून लपवतो, बँकेत जायला कचरतो, पोलिस ठाण्याची पायरी चढत नाही. तीन दिवस निघून जातात. चोराला जेवढा वेळ हवा असतो तेवढा त्याला गावाच्या टोमण्यांनी मिळवून दिलेला असतो.

म्हणून मागण्या ज्यांच्याकडे करायच्या त्यांच्याकडेच कराव्यात. शासनाने योजनांची ॲप कोठून घ्यायची ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे आणि व्हॉट्सॲपवर एकही लिंक पाठवू नये, म्हणजे तिथे आलेली प्रत्येक लिंक खोटी हे लहान मुलालाही कळेल. सेवा केंद्रांना दुरुस्ती मिळणारी विंडोज द्यावी आणि नागरिकांच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळे यंत्र ठेवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालये आणि कंपन्यांनी सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. त्याची माहिती प्रत्येक कार्यालयप्रमुखाला असावी. पतसंस्थांसाठी सहकार खात्याने बँकांच्या तोडीची सुरक्षा चौकट आखावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती छोट्या गावच्या नागरिकाच्या माहितीसाठीही तितक्याच कडकपणे वापरली जावी. आणि ज्याचे पैसे गेले तो माणूस समोर आला, तर त्याला विचारायचा पहिला प्रश्न एकच असावा, ‘१९३० ला फोन लावलास का?’